शेगडीला मनाई

सीमेच्या अलीकडे मावशीला कशाचीही किळस आली नव्हती. सीमा ओलांडली आणि जेवणवेळेच्या आत तिला जवळजवळ सगळ्याचीच यायला लागली.

आता हे उलटंच वाटेल. कारण सीमेच्या अलीकडे घाण काय कमी होती? ती बस कितीतरी दिवस एकेक देश तुडवत निघाली होती. धूळ, माश्या, तुंबलेले संडास, आणि घाट लागला की अर्धी बस पिशव्यांमध्ये तोंड घालून बसलेली. मावशी या बसची स्वयंपाकीण. हातपाय धड आहेत तोवर जग बघून घेऊ म्हणणाऱ्या निवृत्त मंडळींची ही सहल होती, सगळी रस्त्याने. वाटेत नळ दिसला, सावली दिसली की ड्रायव्हर ब्रेक दाबायचा, मागच्या डिकीतून गॅसची शेगडी, पातेली, तांदळाचं पोतं उतरायचं आणि मावशी कामाला लागायची. आसपासची माणसं जमायची. कोणी न सांगता बादलीभर पाणी आणून द्यायचं, कोणी नुसतंच गंमत बघत बसायचं, मग त्यांनाही घासभर मिळायचं. आणि ही निवृत्त मंडळी मातीत फतकल मारून बोटं चाटूनपुसून जेवायची. "मावशी, काय चव आहे हो तुमच्या हाताला!" हे रोजचं. मावशी म्हणायची, "पुरे झालं कौतुक, ताटं आणा इकडे," पण आतून सुखावायची.

सगळ्यांत जास्त जीव लावला होता तो हेडबाईंनी. त्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी बसमध्ये चढताना हजेरी घ्यायची असल्यासारखी सगळ्यांवरून नजर फिरवायच्या. डोंगरातल्या एका मुक्कामात त्यांचं पोट असं काही बिघडलं की विचारू नका. बाकीचे नाकाला रुमाल लावून लांब. मावशीनेच त्यांना काखेत हात घालून झुडपामागे नेलं, आणलं, पुन्हा नेलं, त्यांचे भरलेले कपडे ओढ्यावर धुतले आणि मीठ घातलेला मऊ भात चमच्याने भरवला. हेडबाई रडल्या. "पोटच्या पोरीने केलं नसतं मावशी एवढं. मी हे जन्मात विसरणार नाही."

"विसरा हो बाई. हे काय लक्षात ठेवायचंय?" मावशी म्हणाली. तिला खरंच काही वाटलं नव्हतं. माणूस आजारी पडतो, घाण करतो, ती घाण कोणीतरी धुतो. त्यात किळस कसली?

पण मावशी काही जग बघायला निघाली नव्हती. तिची एकुलती एक लेक सहा वर्षांपूर्वी त्या पलीकडच्या श्रीमंत देशात गेली होती. तिथल्या एका इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला लागली, तिथेच लग्न केलं, तिथेच तिला मुलगी झाली. कायमचं राहायची परवानगी हातात पडेपर्यंत देश सोडायचा नाही, सोडला तर परत आत घेणार नाहीत, असा तिथला कायदा. म्हणजे लेक येऊ शकत नव्हती, आणि विमानाने जाणं मावशीच्या आवाक्यातलं नव्हतं. नात तिने पाहिली ती फोनमध्ये. पोरगी काचेला नाक लावायची आणि तिकडच्या भाषेतल्या शब्दाने आजीला हाक मारायची. त्या भाषेतला तेवढा एकच शब्द मावशीला यायचा. म्हणून सहलीला स्वयंपाकीण हवी आहे असं कळलं, तेव्हा तिने पगार विचारायच्या आधी रस्ता विचारला. मॅनेजर म्हणाला, "त्या शहराबाहेर गाड्यांचा मोठा थांबा आहे, तिथे आपण दुपारभर थांबतो. लेकीला बोलवा तिथे." झालं. मावशीने बोचकं बांधलं. एक दुपार मिळणार होती. पोरीला एकदा मांडीवर घ्यायचं, एवढंच तिला हवं होतं.

सीमेवर सगळं सामान उतरवून स्टीलच्या लांबलचक टेबलांवर मांडायला लावलं. हातमोजे घातलेल्या एका पोऱ्याने मावशीचे मसाल्याचे डबे पेनाच्या टोकाने उघडले. एकात वाकून बघितलं आणि असं तोंड केलं, जणू आत मेलेला उंदीर आहे. त्याचं एक सोडा, त्याचं कामच ते. पण मागे रांगेत उभे असलेले बँकवाले काका, ज्यांनी आदल्याच दिवशी तिसऱ्यांदा भात मागून घेतला होता, ते पुढे झाले आणि हाताने झटकल्यासारखं करून म्हणाले, "ते आमचं नाही. ते त्या बाईचं."

त्या बाईचं! मावशीने मागे वळून बघितलं, तर काका छताकडे बघत होते.

आणि मग जे सुरू झालं ते काय सांगायचं! बस गुळगुळीत रस्त्याला लागली आणि मंडळींनी पिशव्या उपसायला घेतल्या. नवे कोट निघाले, नवे बूट निघाले, सेंटच्या बाटल्या निघाल्या. फुस्, फुस्, फुस्. इतक्या घाटांत जिचं डोकं कधी दुखलं नाही त्या मावशीला त्या वासाने मळमळायला लागलं. मोठमोठ्याने हसणारी माणसं कुजबुजायला लागली. कोणी शिंकलं तरी चौघे वळून बघायचे. बाहेर रस्त्याकडेला कचऱ्याचे चार रंगांचे डबे ओळीने उभे होते, तर बँकवाले काका भरल्या गळ्याने म्हणाले, "बघा, बघा. याला म्हणतात संस्कृती!" कचऱ्याच्या डब्याला बघून! मावशीला वाटलं, आता हा माणूस उतरून त्या डब्याच्या पाया पडतो की काय.

मॅनेजर मागे तिच्या सीटपाशी आला. "मावशी, इथून पुढे शेगडीला मनाई. उघड्यावर काहीच पेटवायचं नाही, फार कडक कायदा आहे. मंडळी बाहेरच खातील."

"मग मी काय करू?"

"आराम करा की! आणि ते," तो जरा घुटमळला, "खाली उतरताना अंगावरचं बदला जरा. तेलकट दिसतंय. चार लोक बघतात."

"आजवर ज्यांनी बघितलं ते काय लोक नव्हते?" मावशी म्हणाली, पण तो पुढे निघून गेला होता.

थांबा आला. शहराबाहेरचा तोच तो थांबा. काचेची इमारत आणि पुढे एवढं मोठं सपाट आवार की तिकडच्या टोकाचा माणूस मुंगीएवढा दिसावा. मावशीने मुकाट्याने धुतलेले कपडे घातले, केस चोपून बसवले. लेकीचा फोन आला, "आई, निघालेय मी. पोरीला घेऊन येतेय." तोवर जरा जाऊन येऊ म्हणून ती संडासात गेली. आत मंद गाणं चाललेलं, फुलांचा वास, आरशात आपणच आपल्याला चार वेळा दिसतोय. आणि पाणी? पाण्याचा पत्ता नाही. भिंतीला कोरड्या कागदाची गुंडाळी. मावशी तशीच बाहेर आली आणि बसमधली बाटली घेऊन पुन्हा आत गेली.

"शी, शी, शी!" परत आल्यावर ती ड्रायव्हरला म्हणाली. "एवढी काच पुसतात, एवढी फरशी पुसतात, आणि स्वतःला?"

ड्रायव्हर दार उघडं टाकून पाय पसरून बसला होता. "मावशी, तिकडे बघा," म्हणाला. हिरवळीवर एक नीटनेटका गृहस्थ वाकून आपल्या कुत्र्याचं बूड पुसत होता. खिशातून पाकीट काढलं, त्यातून ओला, सुवासिक कागद काढला आणि काय मायेने पुसलं!

"कुत्र्याला ओला आणि माणसाला कोरडा?" मावशी म्हणाली. ड्रायव्हर पोट धरून हसला. मावशीला हसू आलं नाही.

काचेतून आतलं सगळं दिसत होतं. आपली मंडळी प्लास्टिकमधले गारढोण पाव खात बसली होती. तेही करंगळ्या वर करून, आजूबाजूचे कसे खातात ते चोरून बघत. निम्मे पाव तसेच डब्यात गेले. त्या डब्याचं झाकण आपलं आपण उघडायचं. अन्न टाकायला हातसुद्धा लावायला नको. मावशी बघत राहिली आणि तिच्या घशाशी आंबट आलं. खरं सांगायचं तर त्या देशाने तिचं काही वाकडं केलं नव्हतं. तिला शिसारी आली होती ती या आपल्याच माणसांची. काल मातीत बसून जेवत होती तेव्हा किती चांगली होती!

तेवढ्यात बसच्या मागून हेडबाई आल्या, इकडेतिकडे बघत, पोटावर हात धरून.

"मावशी, त्या थंड पावाने गोळा आलाय हो पोटात. डोंगरातल्यासारखं झालं तर काय करू मी इथे? थोडा मऊ भात मिळेल का?"

"मनाई आहे ना बाई?"

"अहो, घटकाभराचं काम. मागच्या बाजूला कोण बघतंय? आणि कोणी आलंच तर मी आहे की. मला यांची भाषा येते. आजारी माणसासाठी आहे म्हणून सांगेन, आजाऱ्याला कोण काय म्हणणार?"

मावशीने रस्त्याकडे बघितलं. लेकीला पोचायला अजून अवकाश होता. आणि खोटं कशाला बोला, कोणीतरी आपल्याकडे भात मागतंय याचं तिला बरंही वाटलं. पोट बिघडलेल्या माणसाने भात मागावा आणि मावशीने नाही म्हणावं, असं तिच्या हातून कधी झालंच नव्हतं. तिने डिकी उघडली, बसच्या आडोशाला शेगडी मांडली, मूठभर तांदूळ धुतले. भात रटरटला. हेडबाई उपड्या पातेल्यावर बसून फुंकर घालत खायला लागल्या. "अमृत आहे हो," म्हणाल्या. रंग आला त्यांच्या तोंडावर.

आणि बसच्या कडेने गणवेशातला माणूस आला. कपड्यांची इस्त्री अशी की हात लावला तर कापेल. त्याने आधी शेगडी बघितली, मग शेगडीपासून वावभर अंतरावरची बसची डिझेलची टाकी बघितली, आणि त्याच्या भुवया वर चढल्या. त्याने काहीतरी विचारलं.

मावशीने हेडबाईंकडे बघितलं. हेडबाई उठल्या होत्या. हातातली ताटली त्यांनी खाली ठेवली आणि बुटाच्या टोकाने अलगद बसखाली सरकवली. मग त्या बोलायला लागल्या. फाडफाड बोलल्या, हसत, मान डोलावत, वर्गात तपासनीस आल्यावर बोलतात तशा. मावशीला शब्द कळला नाही, पण बोट कळलं. हेडबाईंचं बोट तिच्याकडे होतं. तो माणूस मान हलवत होता.

मॅनेजर धावत आला. "काय झालं? मावशी, मी सांगितलं होतं ना? कोणासाठी पेटवलीत?"

मावशी हेडबाईंकडे बघत राहिली.

"हेडबाई, तुम्ही सांगितलंत का?" मॅनेजरने विचारलं.

"मी? मी कशाला सांगेन? उलट मी तिला थांबवायला आले. ऐकतच नाही ती."

मावशीने बसचा पत्रा धरला. ओढ्यावर त्या कपड्यांना हात घालताना आली नव्हती ती किळस आता आली, सगळी एकदम आली. तिला ओरडावंसं वाटलं, चार शिव्या घालाव्याशा वाटल्या. पण तोंडून निघालं ते एवढंच, "बाई, हनुवटीला शीत लागलंय."

हेडबाईंनी पटकन हनुवटी पुसली आणि पोट दुखतंय असं पुटपुटत बसमध्ये चढल्या. मॅनेजरने त्यांच्याकडे बघितलं, मावशीकडे बघितलं. काय समजायचं ते त्याला समजलं. पण हेडबाई पैसे भरून आलेल्या प्रवासी आणि मावशी कंपनीची नोकर. त्याने मूग गिळले. मावशीचा पासपोर्ट काढून त्याने इस्त्रीवाल्याच्या हातात दिला.

नेमकी तेव्हाच लेक आली. आवाराच्या त्या टोकाकडून, पोरीला अर्धी फरफटत, धावतच. मावशीने तिला चालीवरूनच ओळखलं. लेकीचे हात पसरलेले होते, तोंड उघडलेलं होतं. मग तिला गणवेश दिसला, शेगडी दिसली, आणि हात खाली आले. ती सावकाश चालत पुढे आली आणि त्या माणसाशी बोलली. तो काहीतरी म्हणाला. तिने जरा थांबून उत्तर दिलं. मग ती मावशीकडे वळली. चेहरा कोरा, खिडकीमागच्या कारकुनाचा असतो तसा.

"आई, हसू नकोस. जवळ येऊ नकोस. तुझं बोलणं त्याला समजावून सांगायला मी उभी आहे. मी तुझी कोण ते त्याने विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, फक्त भाषा येते."

"का गं?"

"पुढच्या महिन्यात माझ्या परवानगीचा निकाल आहे. टाकीजवळ आग लावली म्हणून तुझ्या नावावर गुन्हा लिहितोय तो. तू माझी आई म्हणून नोंद झाली तर मला चौकशीला बोलावतील. मग परवानगी विसरायची. सहा वर्षं पाण्यात जातील, आई."

इस्त्रीवाला वाट बघत होता. लेक त्याला काहीतरी म्हणाली.

"काय सांगितलंस?" मावशीने विचारलं.

"तुला कायदा नीट कळला नव्हता, असं. आता तू बोल काहीतरी. तू उत्तर देतेस असं त्याला दिसलं पाहिजे. मान जरा खाली घाल."

मावशीने मान खाली घातली. "बारीक झालीस गं," ती गुन्हेगाराच्या आवाजात म्हणाली.

लेकीने ते त्या माणसाला भलतंच काहीतरी करून सांगितलं. त्याने लिहून घेतलं.

"जेवतेस का वेळेवर?"

"जेवते."

"हात असे काय झालेत?"

"धुलाईच्या औषधाने. सगळ्यांचेच होतात तिथे."

"जावईबापू बरे आहेत?"

"सकाळपासून घर झाडतोय. तुला घेऊन येणार होते ना मी." लेकीचा आवाज चिरकला. तिने खोकल्यासारखं केलं. "तो विचारतोय, शेगडी कोणासाठी पेटवली?"

मावशीने वर बघितलं. बसच्या खिडकीत हेडबाई बसल्या होत्या. काच उघडी होती. त्यांना इकडचीही भाषा येत होती आणि तिकडचीही, म्हणजे सगळं कळत होतं. आई कोण, लेक कोण, काय चाललंय आणि कशापायी. खिडकीतून एक वाक्य टाकलं असतं, मी आजारी होते, मी मागितला, तर बहुतेक तेवढ्यावर मिटलं असतं. मावशी बघत राहिली. हेडबाईंनी काच लावली आणि पडदा ओढून घेतला.

"काय सांगू, आई? तिकडे का बघतेस? कोणी सांगितलं होतं का तुला?"

हेडबाईचं नाव घेतलं की ती नाही म्हणणार. मग सगळ्यांना खाली उतरवून विचारणार, पडदा बाजूला होणार आणि त्या बाईला कळलेलं ती बोलून टाकणार.

"सांग, माझ्यासाठीच पेटवली. मला भूक लागली होती."

इतका वेळ पोरगी आईचा कोट धरून उभी होती. अंगठा तोंडात, डोळे मावशीवर. फोनमधलं तोंड आणि हे तोंड ती ताडून बघत असावी. एकाएकी तिने अंगठा काढला, तोंडभर हसली आणि तो शब्द म्हणाली. मोठ्याने, स्वच्छ. दोन्ही हात वर करून ती मावशीकडे निघाली.

तो शब्द त्या माणसाच्या भाषेतला होता. त्याचं पेन थांबलं. त्याने पोरीकडे बघितलं, मग लेकीकडे. लेक पांढरीफटक पडली.

मावशीने एक पाऊल मागे घेतलं. त्या माणसाच्या डोळ्यांत बघून तिने मान हलवली. नाही. याला भाषा लागत नाही. तरी पोर येतच होती, तेव्हा मावशीने कपाळाला आठ्या घातल्या आणि अनोळखी पोर अंगावर आल्यावर करतात तसा हात आडवा केला. "हूं! मागे हो."

पोर जागीच थांबली. हात अजून वरच होते. मग ओठ वाकडे झाले, आणि ती मागे पळत जाऊन आईच्या कोटात तोंड खुपसून रडायला लागली. लेक त्या माणसाला काहीतरी म्हणाली, बहुधा हेच, की ही सगळ्याच म्हाताऱ्या बायकांना तसं म्हणते. त्याने खांदे उडवले आणि पुन्हा लिहायला लागला.

"काय लिहितोय?" मावशीने विचारलं.

लेकीचा हात पोरीच्या डोक्यावरून फिरत होता.

"इथे तुझं कोणी नाही, असं."

"बरोबर आहे म्हणावं," मावशी म्हणाली. "सही कुठे करू?"